वसईचा बटलर, मुऐदरची मजलिस

इंग्रज हिंदुस्थान सोडून गेले तेव्हा सगळं बरोबर घेऊन गेले असं लोक म्हणतात, पण ते साफ चूक आहे. आपलं इंग्रजपण ते एका वसईकराकडे ठेवून गेले आणि न्यायला परत आलेच नाहीत. तो वसईकर दोह्यात, अल नस्र भागात, आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. खुद्द इंग्रजांकडे आता इतकं इंग्रजपण शिल्लक नसावं. माझ्या ऑफिसात दोन-तीन अस्सल इंग्रज आहेत. ते सुट्टीच्या दिवशी अर्ध्या चड्डीत मॉलभर हिंडतात आणि उभ्याउभ्या शावर्मा खातात. आमचे बटलरकाका मात्र कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, कोथिंबिरीची जुडी आणायची झाली तरी काळा कोट, पट्ट्यापट्ट्यांची पँट आणि आरसा वाटावा असे बूट घालून निघतात. तेही ऑगस्टमध्ये! ऑगस्टमध्ये इथे पारवेसुद्धा एसीच्या डब्याखालून हलत नाहीत. काकांना घाम येत नाही. एकदा मी न राहवून विचारलंच, की काका, तुम्हाला घाम कसा येत नाही हो? तर म्हणाले, "येतो ना. ड्यूटी संपल्यावर येतो."

काका मुऐदरमधल्या एका मोठ्या कतारी घराचे बटलर. अगदी तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलात लागले, तिथून लंडनला एका हवेलीत गेले, आणि तिथल्या म्हाताऱ्या इंग्रज बटलरच्या हाताखाली त्यांनी अशी काही वर्षं काढली की आपल्याकडे लोक गायनाची तालीम काय घेतील. त्या गुरूचं नाव ते कधी घेत नाहीत. 'आमचे मिस्टर' म्हणतात आणि कोटाचं बटण चाचपतात, जसे आपले गवई कानाला हात लावतात. तिथून मुऐदरच्या मोठ्या साहेबांनी त्यांना इकडे आणलं. काकू इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स आहेत. त्या अत्यंत मोकळ्या बाई, आणि देवाने ही जोडी जमवली तेव्हा तो नक्की गंमत करत होता. "मला दिवसभर पेशंट आणि रात्री हा पुतळा," असं त्या काकांसमोरच म्हणतात. काका त्यावर मान किंचित झुकवतात आणि म्हणतात, "आपण दमला असाल. चहा घेणार का आपण?" बायकोला 'आपण' म्हणणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही.

'आपण' तर ते सगळ्यांनाच म्हणतात. आमच्या मुलीला ते ती बालवाडीत असल्यापासून 'ताईसाहेब' म्हणतात. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलते आणि ते तिला मराठीत उत्तर देतात, कारण घरच्या मंडळींशी परकी भाषा बोलणं त्यांच्या मते शिष्टाचारात बसत नाही. आमच्यासमोर सोफ्यावर लोळणारी ही कार्टी काका आले की पाठ ताठ करून बसते. लिफ्टचं तर विचारूच नका. लिफ्ट आली की काका दार धरून उभे राहतात, सगळ्यांना आत सोडतात, आणि इतरांच्या आधी आत शिरायचं नाही या तत्त्वापायी शेवटी लिफ्ट भरून निघून जाते. काका कोट नीट करून जिन्याने चढतात. आम्ही वर पोचून दार उघडेपर्यंत खालून त्यांच्या बुटांचा संथ आवाज येत असतो.

घाई करायची नाही हे त्यांचं ब्रीद. मोठ्या साहेबांचा मोबाईल ते खिशात ठेवत नाहीत, चांदीच्या तबकात ठेवतात. तो वाजला की तबक उचलायचं, रुमालाने मोबाईल पुसायचा, आणि दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बटलरच्या चालीने चालत जायचं. घर केवढं आणि चाल कसली! साहेबांपर्यंत पोचेतो फोन वाजून वाजून बंद पडलेला असतो. मग काका वाकून सांगतात, "साहेब, आपल्याला एक मिस्ड कॉल आला आहे." साहेबांनी या कारणावरून त्यांना कधी बोललेलं ऐकिवात नाही. उलट, त्यामुळे अर्धी बिनकामाची माणसं परस्पर कटतात म्हणून साहेब खूश असत, असा काकूंचा दावा आहे.

काकांकडे जेवायला जाणं हा एक वेगळाच प्रकार. आपली रीत काय? यजमानाने वाढायला घेतलं की आपण ताटावर आडवा हात धरायचा, "नको नको, भरपूर झालं" म्हणायचं, मग त्याने ऐकायचं नाही, मग आपण "बरं, अर्धी" म्हणायचं आणि दोन खायच्या. काकांच्या शास्त्रात पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी पापलेट तळलेलं. त्या वासाने मी जिन्यातच अर्धा झालो होतो. काका पांढरे हातमोजे घालून ताटली घेऊन माझ्या डाव्या बाजूला आले. मी सवयीने म्हटलं, "नको नको." ताटली क्षणभर थांबली, आणि गेली! बायकोकडे गेली, ती तर माझ्याहून सुसंस्कृत, तिनेही "छे छे" केलं. ताटली स्वयंपाकघरात परत गेली ती आलीच नाही. आम्ही दोघं भात-आमटी खाऊन, हसतमुखाने आभार मानून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर जाऊन शावर्मा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू डबा घेऊन आल्या. "घ्या तुमचं पापलेट," म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी पहिल्याच झटक्याला हो म्हणा. ह्यांच्याकडे दुसरी घंटा नसते."

मराठी रीतींबद्दल मात्र त्यांना आदर आहे. आमच्या मंडळाच्या गणपतीत ते दरवर्षी वाढपी म्हणून येतात. पहिल्या वर्षी मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे हे सगळं ऐकून ते गंभीर झाले. "आमच्या मिस्टरांनी हे पाहायला हवं होतं," म्हणाले. त्यानंतर आमच्या पंगतीत एकाही पानावरचं लिंबू जागचं हललेलं नाही. तिथेच त्यांनी माझं सूत्रसंचालन ऐकलं. मी रास लफानच्या गॅस प्रकल्पात मेंटेनन्सला असलो तरी ते नुसतं पोटासाठी. माझा खरा प्राण माईकमध्ये आहे. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम माझ्याशिवाय होत नाही, आणि होत नाही म्हणजे मी होऊच देत नाही.

घरातलं बाहेर सांगायचं नाही हा काकांचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा नियम. साहेबांकडे गाड्या किती, घोडे किती, सोन्याचे नळ आहेत हे खरं का, असलं काही विचारलं की काका खिडकीबाहेर बघून म्हणतात, "आज हवा दमट आहे." जानेवारीतही दमट असते. म्हणूनच गेल्या वर्षी एका संध्याकाळी काका आमच्या दारात उभे राहिले आणि आपण होऊन म्हणाले, "मोठ्या साहेबांविषयी थोडं बोलायचं होतं," तेव्हा बायकोने गॅस बंद केला आणि मी टीव्ही.

त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं. कतारी घरात फाटकाजवळ मजलिस असते, म्हणजे पुरुषमंडळींची बैठक. संध्याकाळी तिचं दार उघडं. येणारा येतो, सलाम करतो, बसतो, खजूर खातो, लहानशा कपातून गहवा, म्हणजे वेलदोड्याची कॉफी, पितो आणि गप्पा मारून जातो. कुणी कुणाची ओळख करून देत नाही, कारण सगळे सगळ्यांना जन्मापासून ओळखतात. अशा मजलिसीच्या दारात काकांनी अचानक भालदारासारखं नाव पुकारायला सुरुवात केली. आलेल्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आजोबांचं नाव, अगदी खणखणीत. काकांनी मला एकदा तिकडे नेलं होतं तेव्हा मी हे स्वतः पाहिलं. मंडळी गालात हसत होती. एक जण तर म्हणाला, "यल्ला, लंडन आलं रे!" मलाही वाटलं, वय झालं, काकांचं इंग्रजपण आता डोक्यात शिरलं.

तर त्या संध्याकाळी काकांनी कारण सांगितलं. मोठे साहेब विसरू लागले होते. आधी लोकांची नावं, मग चेहरे. ज्यांच्याबरोबर लहानपणी समुद्रात उड्या मारल्या त्यांच्याकडे साहेब परक्यासारखे बघत. म्हणून काका दारातच नाव पुकारत, म्हणजे साहेबांच्या कानावर ते आधीच पडावं आणि माणूस समोर येईतो त्यांना "अहलन" असं स्वागत करून नाव घेऊन बोलावता यावं. साहेबांचे कान जड, म्हणून आवाज मोठा. लोक काकांना हसत होते आणि काका हसू देत होते, कारण ते काकांना हसत होते तोवर साहेबांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"धाकट्या साहेबांना काळजी वाटते," काका म्हणाले. म्हणजे साहेबांचा मुलगा. मुलगा चांगला, बापावर जीव टाकणारा. पण उद्या चारचौघांत बापाचं हसं झालं तर त्याला सहन होणार नव्हतं. ईदला सगळा गोतावळा येतो. त्या दिवशी काही विपरीत घडलं, तर बाबांना आतल्या खोल्यांत हलवायचं आणि त्यांची मजलिस बंद करायची, असं त्याने काकांना सांगून ठेवलं होतं. "एकदा आत गेले की ते खलास," काका म्हणाले, "माणसांत बसलेला माणूस आहे तो." हे सगळं ते बोलत होते कुजबुजत, कारण रमजानभर नावं पुकारून त्यांचा घसा पार बसला होता, आणि ईद दोन दिवसांवर आली होती. काकूंनी तपासून सांगितलं होतं की आवाज परत यायला आठवडा तरी लागेल.

"आपला आवाज मंडळात ऐकला आहे," काका म्हणाले. "आपल्याला सोयीचं असेल तर."

मी पहिल्याच झटक्याला हो म्हटलं.

ईदच्या सकाळी मी लग्नातला सूट अंगावर चढवला. बटण लागलं, पण त्यानंतर मला श्वास जपून घ्यावा लागत होता. काकांनी मला उभं कसं राहायचं ते शिकवलं. हात मागे नकोत, पुढे नकोत, खिशात तर मुळीच नकोत. "मग ठेवू कुठे?" मी वैतागून विचारलं. "आपल्याला हात आहेत हे विसरायचं," काका म्हणाले. ते माझ्या मागे उभे राहून कानात नाव सांगणार आणि मी ते मोठ्याने पुकारणार, असं ठरलं. नाव अरबीत, आणि वर काही लागलंच तर हिंदीत, कारण साहेबांच्या तरुणपणी त्यांच्या घरचा मुंबईशी व्यापार होता आणि ते फक्कड हिंदी बोलतात.

आणि काय सांगू, छान जमलं! लोकांची रीघ लागली आणि माझा आवाज तापला. काका नाव सांगायचे, नातं सांगायचे, आणि मी माझ्या पदरचं थोडं घालायचो. 'ज्येष्ठ', 'सन्माननीय', 'जिनको किसी परिचय की जरूरत नहीं', आणि लगेच परिचय. साहेब कोचावर ताठ बसून एकेकाला नाव घेऊन जवळ घेत होते. एका गुबगुबीत गृहस्थाला पुकारल्यावर सवयीने माझ्या तोंडून "जोरदार टाळ्या" निघून गेलं, तर साहेबांनी खरंच टाळ्या वाजवल्या, आणि ते बघून अख्ख्या मजलिसीने. धाकटे साहेब कोपऱ्यात उभे होते, त्यांचे खांदे थोडे सैल झालेले मला दिसले. काका मागून कुजबुजले, "शुक्रन. पण टाळ्या नकोत."

घोटाळा झाला तो त्यानंतर. मजलिस भरली, येणारे थांबले, काका गहव्याची किटली घेऊन फिरायला लागले, आणि एकदम शांतता पडली. आता, शांतता पडली की सूत्रसंचालकाला राहवत नाही. मंडळात अशा वेळी एकच वाक्य असतं आणि ते माझ्या जिभेवरून घसरलं. "और अब मैं अध्यक्ष महोदय से विनंती करता हूँ कि वे दो शब्द बोलें." बोललो आणि अंगाला दरदरून घाम फुटला. काकांनी डोळे मिटून घेतले. साहेब काठी टेकत उठले होते.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. साहेब अरबीत म्हणाले की ईद मुबारक, हे घर तुमचं आहे. एवढं मला समजलं. मग ते थांबले. पुढचं आठवेना की सुचेना कोण जाणे, ते सगळ्यांवरून नजर फिरवत राहिले, आणि ती नजर किटली घेऊन उभ्या असलेल्या काकांवर येऊन अडकली. साहेबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मोठ्याने, हिंदीत विचारलं, "ये काले कोटवाला कौन है? सबका नाम बोला, इसका नाम किसी ने नहीं बोला."

काकांनी तोंड उघडलं, पण त्यातून आवाजच आला नाही. ओठ हलले नुसते. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही म्हणून पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी जे पाहिलं ते पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. मग ते माझ्याकडे वळले. ज्येष्ठ, सन्माननीय, आदरणीय, माझ्याकडची सगळी विशेषणं त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. मी काकांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं, वसईचं नाव घेतलं आणि म्हटलं, "आपके घर के हैं." माझा आवाज फाटला होता, पण साहेबांना ऐकू गेलं.

"अहलन, अहलन!" साहेबांचा चेहरा उजळला. "तफद्दल," असं म्हणून त्यांनी आपल्या उजव्या हाताची जागा थोपटली. काकांनी धाकट्या साहेबांकडे पाहिलं. धाकट्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांनी नुसती मान डोलावली. तेव्हा काकांनी किटली माझ्या हातात दिली आणि जाऊन बसले. साहेब म्हणाले, पाहुण्याला गहवा द्या. मी दिला, आपल्या पद्धतीने, प्रेमाने, काठोकाठ. इकडे काठोकाठ कप म्हणजे 'प्या आणि निघा'! काकांनी बसल्या जागेवरून, एवढाच भरायचा म्हणून, मला बोटाने कपाचा तळ दाखवला, आणि साहेब असे खो खो हसले की सगळी मजलिस हसली. हसता हसता त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अच्छा आदमी लगता है," म्हणाले. "मेरे घर में काम करेगा?"

काका उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि मान झुकवली.

झालं, आता सगळ्यांना सगळं कळलंय, मजलिस बंद होणार, या विचाराने मी किटली धरून तसाच उभा होतो. तेवढ्यात दारात एक म्हातारा पाहुणा आला. आतलं सगळं त्याने उंबऱ्यावरून पाहिलं असावं. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच घसा खाकरला आणि स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव अशा काही आवाजात पुकारलं की झुंबर हलावं. वर सांगितलं, "तुझ्या होडीत मी बसायचो!" त्याच्यामागून आलेल्यानेही तेच केलं. त्या दिवसापासून त्या घरी येणारा प्रत्येक माणूस दारात थांबून आपलं नाव मोठ्याने सांगतो. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला बोललं नाही. मजलिस आजही भरते. धाकट्या साहेबांनी आतल्या खोल्यांचा विषय परत काढला नाही.

काकांचा आवाज परत आला, पण पुकारायला आता नावं उरली नाहीत. एकच उरलंय. परवा शुक्रवारी ते आमच्याकडे चहाला आले होते. मी विचारलं, साहेब कसे आहेत? मला वाटलं, आता हवा दमट होणार. पण काका खिडकीकडे वळलेच नाहीत.

"काल परत विचारलं, तू कोण म्हणून. मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, वसई सांगितली. ते म्हणाले, माणूस बरा दिसतोस, माझ्याकडे काम करशील का?"

"मग?"

"करीन म्हटलं. दरवेळी म्हणतो." काकांनी कप खाली ठेवला. "वाईट वाटत होतं सुरुवातीला, खोटं कशाला बोलू. आता भीती वेगळीच वाटते. विचारतात तोवर बरं आहे हो. विचारायचे थांबले, तर मी नाव सांगू कुणाला?"

बायको बशीत चकल्या घेऊन आली होती. तिने त्यांना एकदा विचारलं, त्यांनी नको म्हटलं, आणि त्या दिवशी तिने त्यांचं काही एक न ऐकता चकली त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी ती खाल्ली.